गोष्टीतली ती

मुलांनो, अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. डेप्युटी नझीर अहमद यांनी १८६९ साली 'मिरातुल उरूस' ही उर्दू कादंबरी लिहिली. मुलींनी वाचावीत अशी पुस्तके त्या काळी फार थोडी होती. म्हणून त्यांनी आपल्या मुलींसाठी ही गोष्ट लिहायला घेतली.

थोरली अकबरी नानीच्या लाडाने बिघडलेली. ती सासरी भांडते, वेगळे घर मागते आणि एका ठग बाईच्या बोलण्याला भुलून दागिने घालवून बसते. धाकटी असगरी शिकलेली. ती घरखर्चाचा हिशेब पाहते, मोलकरणीची लबाडी पकडते आणि घरातच मुलींची शाळा चालवते. दीडशे वर्षांपूर्वी शिकलेली मुलगी कादंबरीची नायिका झाली, ही काही लहान गोष्ट नव्हती.

तरीही एक प्रश्न उरतो. एकदा मी वर्गात विचारले, "असगरीला स्वतःला काय हवे होते?" सगळा वर्ग गप्प झाला. तिचे सारे शहाणपण सासर सावरण्यात खर्च होते. तिची स्वतःची इच्छा फारशी दिसत नाही. अकबरीची बाजू तर कोणी ऐकूनच घेत नाही. अशा कितीतरी गोष्टींत बाई एक तर अगदी गुणी असते, नाही तर अगदी वाईट. गोष्टीत बाईला माणूस म्हणून पूर्ण जागा मिळाली आहे का, हे तपासत वाचणे म्हणजेच स्त्रीवादी दृष्टीने वाचणे.

मराठीत हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमू आपली कहाणी स्वतः सांगते. ती विधवा होते आणि तिच्या मनाविरुद्ध तिचे केस काढले जातात. हे दुःख तिच्याच तोंडून ऐकताना वाचक तिच्या बाजूचा होतो. पण लिहिणारा हात पुरुषाचाच होता.

पुढे स्त्रिया स्वतः लिहू लागल्या. १९३३ मध्ये मालतीबाई बेडेकर यांनी 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह काढला. शिकलेल्या मुलींच्या मनातले त्यांनी इतके उघड लिहिले, की मोठी खळबळ उडाली. उर्दूत इस्मत चुगताई यांच्या 'टेढी लकीर'ची नायिका शमन हट्टी आहे. ती चुकते, एकटी पडते, पुन्हा उभी राहते. ती अकबरीही नाही आणि असगरीही नाही.

आता कोणतीही गोष्ट वाचताना स्वतःला विचारा : ही गोष्ट कोण सांगत आहे? यातल्या बाईला काय हवे आहे? चूक झाली तर तिला सुधारण्याची संधी मिळते का? हेच प्रश्न आपल्या घरातल्या अम्मी, आपा आणि बहिणींबद्दलही विचारून पाहा. कदाचित तुम्हीही गप्प व्हाल. मग त्यांच्याजवळ बसा आणि त्यांनाच विचारा.

शब्दार्थ : सावरणे – सांभाळणे, टोपणनाव – लेखनासाठी घेतलेले दुसरे नाव, खळबळ – गडबड, हलचल.

स्वाध्याय
१. असगरीचे कोणते गुण तुम्हांला आवडले? का?
२. यमूची कहाणी वाचकाला तिच्या बाजूची का वाटते?
३. अकबरी आपली गोष्ट स्वतः सांगत आहे, अशी कल्पना करून पाच वाक्ये लिहा.