एकदा ओळख दिली, तरी संगणक पुन्हा परवलीचा शब्द का मागतो?

दुकान व गोदामाचे संगणक एका तारेने जोडून भाव आणि साठा एकाच पानावर पाहण्याची सोय आम्ही केनवडच्या (ता. रिसोड) आमच्या कापड दुकानात करून घेतली. सकाळी एकदा नाव व परवलीचा शब्द दिला की दिवसभर पुन्हा विचारणा नाही. पण ऐन लग्नसराईत ते पान दर वेळी शब्द मागू लागले, आणि खरा शब्द दिला तरी उघडेना. गिऱ्हाईक खोळंबलेले, आणि गोदामात थान शिल्लक आहे की नाही हे सांगता येईना.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमध्ये यासाठी कर्बेरॉस ही पद्धत आहे. ती अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८० च्या दशकात तयार झाली. नाव ग्रीक कथेतील तीन डोक्यांच्या राखणदार कुत्र्याचे. मुख्य सर्व्हर सकाळी आपली ओळख पटवतो आणि मग प्रत्येक कामासाठी मोहोरबंद चिठ्ठी देतो. ट्रान्सपोर्टची बिल्टीच समजा. बिल्टी दाखवली की माल मिळतो, जास्त चौकशी नाही. परवलीचा शब्द तारेवरून फिरतच नाही, ही यातली खुबी.

या बिल्टीवर वेळ असते. दोन संगणकांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त तफावत पडली की सर्वसाधारणपणे ती नाकारली जाते. कोणी जुनी चिठ्ठी चोरून वापरू नये म्हणून हा बंदोबस्त. आमचे दुखणे नेमके हेच निघाले. साठ्याच्या संगणकातली बटणाएवढी बॅटरी (सीआर २०३२) संपली होती. वीज गेली की घड्याळ मागे. आम्ही मात्र मिस्त्रीच्या सांगण्यावरून एक चांगला संगणक पुसून नव्याने भरून घेतला!

घड्याळ बरोबर असेल तर पत्ता पाहा. बिल्टी नावाने फाटते. नावाऐवजी आकड्यांचा पत्ता टाकला तर ती सहसा मिळत नाही. टिंब असलेले लांब नावही ब्राउझर बाहेरचे समजतो आणि शब्द मागतो. ते सेटिंगमधील ‘स्थानिक इंट्रानेट’च्या यादीत घालावे.

तरीही अडले तर जाणकाराला ‘केलिस्ट’ हा आदेश चालवायला सांगा. त्यात हाती असलेल्या चिठ्ठ्या दिसतात. साठ्याच्या पानाची चिठ्ठी नसेल तर नाव, पत्ता किंवा मुख्य सर्व्हरची नोंद तपासावी. एकच नाव दोन खात्यांवर चढले असेल तर घोटाळा होतो, जशी एकाच नावाच्या दोन पेढ्यांत गाठ भलतीकडे जाते; ‘सेटएसपीएन -एक्स’ अशा दुहेरी नोंदी दाखवतो. चिठ्ठी असूनही पान उघडत नसेल तर दोष बहुधा पान चालवणाऱ्या संगणकाकडे. तो लिनक्सवर असेल आणि त्याच्या खात्याचा शब्द नुकताच बदलला असेल, तर जुनी कीटॅब फाईल बदलावी लागते.

दरम्यान मिस्त्रीने सोपा इलाज सुचवला होता: सर्वांना एकच नाव, एकच शब्द, भिंतीवर चिकटवलेला. चार दिवस आम्ही तसे चालवले. त्यात एका शर्टिंगच्या लॉटचा भाव कोणीतरी खाली उतरवला आणि तो माल त्याच भावाने गेला. नवी बॅटरी बसवली त्याच दिवशी भिंतीवरचा कागद काढला. भाव उतरवणारा हात कोणाचा, ते अजून कळलेले नाही.