मालेगावचा सुपरमॅन उडतो कसा?

मनमाडकरांना मालेगाव काही नवीन नाही. रेल्वे आपल्याकडे, यंत्रमाग तिकडे. मालेगावला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही, त्यामुळे रेल्वेनं येणारा मालेगावकर आपल्याच जंक्शनवर उतरतो आणि पुढचे 35-40 किलोमीटर एसटीनं जातो. याच मालेगावात नासिर शेख या माणसानं आधी ‘मालेगाव के शोले’ काढला आणि मग थेट सुपरमॅनला हात घातला. तो सिनेमा बनत असताना फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला (2008). अलीकडे रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ही थिएटरात येऊन गेला (फेब्रुवारी 2025), त्यामुळे जुना माहितीपट पुन्हा बघितला जातोय.

त्यावर एक मत हमखास ऐकायला मिळतं: “माणसं भारी आहेत, पण इफेक्ट्स अगदीच फालतू.” माझं मत उलटं आहे. मला ते उड्डाण पटतं. आता नुसतं “पटतं” म्हणून भागणार नाही, कारण माझं पीएचडीचं कामच प्रकाश आणि सेन्सर यांच्याशी संबंधित आहे. म्हणून नीट बघू या की पडद्यावर माणूस उडतो म्हणजे नेमकं काय होतं.

हिरवंच कापड का?

युक्ती तुम्हाला माहीत असेल. माणसाला हिरव्या कापडापुढे शूट करायचं, मग कॉम्प्युटरवर हिरवा भाग काढून टाकायचा आणि त्या जागी आकाश लावायचं. याला क्रोमा म्हणतात. पण कॉम्प्युटरला कापड कुठलं आणि माणूस कुठला हे कळतं कसं?

डिजिटल चित्रातला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, तीन आकड्यांचा असतो: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा 0 ते 255. अंदाजानं आकडे घेऊ. हिरवं कापड: 60, 180, 70. माणसाची त्वचा: 200, 150, 120. आता एकच हिशोब करायचा: हिरव्या आकड्यातून बाकी दोघांपैकी मोठा आकडा वजा करा. कापडाला उत्तर येतं 110, त्वचेला येतं उणे 50. उत्तर बरंच मोठं आलं की ते कापड, उडवून टाका. उणे आलं की तो माणूस, ठेवा. त्वचा गोरी असो की काळी, तिच्यात लाल नेहमी हिरव्यापेक्षा जास्त असतो, म्हणून हा हिशोब सगळ्यांना चालतो.

पूर्वी सिनेमाच्या फिल्मवर हेच काम निळ्या पडद्यानं व्हायचं. पण सुपरमॅनचा पोशाखच निळा! पडद्याबरोबर हिरोही गायब व्हायचा. 1978 च्या हॉलिवूडच्या ‘सुपरमॅन’मध्ये या अडचणीमुळे काही दृश्यांसाठी पोशाखाची छटा हिरवट करावी लागली. बऱ्याच उड्डाणांसाठी त्यांनी वेगळीच पद्धत वापरली: नट समोर, मागच्या परावर्तक पडद्यावर प्रोजेक्टरचं चित्र, आणि प्रोजेक्टर व कॅमेरा दोघांचे झूम एकमेकांना जोडलेले. दोन्ही एकदम झूम झाले की मागचं दृश्य होतं तेवढंच दिसतं, पण नट मात्र आपल्याकडे झेपावल्यासारखा वाटतो. त्या सिनेमाचा खर्च होता सुमारे साडेपाच कोटी डॉलर. मालेगावात एवढ्या पैशात किती माग येतील, याचा हिशोब तुम्हीच करा.

डिजिटल कॅमेऱ्यात हिरव्याचा आणखी एक फायदा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी गाळणी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी ही रचना 1970 च्या दशकात केली. आपल्या डोळ्याला उजेड-अंधार मुख्यतः हिरव्या भागातून कळतो, म्हणून हिरव्याला दुप्पट जागा. साहजिकच हिरव्याची माहिती सगळ्यात स्वच्छ मिळते.

मग कडा फाटक्या का दिसतात?

कारण त्या काळातल्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांची काटकसर. आपल्याकडच्या डीव्ही व्हिडिओची एक फ्रेम 720 गुणिले 576 पिक्सेलची. म्हणजे उजेडाच्या 4,14,720 नोंदी. पण रंगाच्या नोंदी फक्त 360 गुणिले 288, म्हणजे 1,03,680. बरोबर पाव! चार पिक्सेलना मिळून रंग एकच.

एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण डोळा रंगाच्या बारकाव्याबाबत आळशी आहे. पण क्रोमाचा सगळा निवाडा रंगावरच चालतो. केपच्या कडेवर चार पिक्सेलपैकी दोन लाल, दोन हिरवे असले तर कॅमेरा चौघांना एकच मधला रंग देतो. तो धड केपही नाही, धड कापडही नाही. कॉम्प्युटर एका फ्रेममध्ये तो ठेवतो, पुढच्या फ्रेममध्ये काढतो. म्हणून कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात आणि थरथरतात. यात करणाऱ्याचं कौशल्य कमी पडलं असं नाही. ती माहिती कॅसेटवर उतरलेलीच नसते, मग ती आणायची कुठून?

पटतं ते काय?

आता माझा मुद्दा. कडा हा डोळ्याच्या यादीतला एक पुरावा झाला. दुसरा पुरावा असतो हालचालीचा, आणि तिथे मालेगाव जिंकतं.

माहितीपटात सुपरमॅन झालेल्या शफीकला चालत्या ट्रकवर आडवं करून, मागे हिरवं कापड लावून उडवलंय. किरकोळ अंगाचा हा पोरगा एरवी यंत्रमागावर काम करणारा. बघताना हसू येतं. पण हिशोब बघा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानुसार वाढतो. ट्रक ताशी 40 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला 11 मीटरनं चाललाय असं धरू. एक चौरस मीटरच्या हलक्या केपला मागे ओढणारं बल ढोबळ मानानं 7 न्यूटन येतं. केपचं वजन 200 ग्रॅम धरलं तर तिला खाली ओढणारं बल 2 न्यूटन. वारा जिंकतो आणि केप जवळजवळ आडवी फडफडते.

हेच खोलीत टेबलफॅन लावून केलं तर? वारा एक तृतीयांश झाला की जोर एक नवमांश होतो. म्हणजे 7 चे 0.8 न्यूटन. आता वजन जिंकतं आणि केप लोंबते. दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलसारखी!

वाऱ्यात कापड कसं वागतं हे आपल्या डोळ्याला लहानपणापासून पाठ असतं. दांडीवरचं धोतर, मोटरसायकलवरची ओढणी, मनमाड स्टेशनात न थांबता गाडी धडधडत गेली की प्लॅटफॉर्मवर उडणारे पदर. त्यामुळे खोटा वारा लगेच ओळखू येतो. ट्रकवरचा वारा खरा होता. शफीकच्या केसांतला, बारीक झालेल्या डोळ्यांतलाही खरा. शिवाय उन्हात शूट करून उन्हातलंच आकाश मागे लावलं तर सावल्याही फारशा भांडत नाहीत. मोठ्या स्टुडिओला हे सगळं एकेक करून पैसे टाकून बनवावं लागतं. मालेगावात ते ट्रकच्या डिझेलबरोबर आलं.

म्हणून “इफेक्ट्स फालतू” हे मत मला अर्धंच वाटतं. कडा फाटक्या आहेत, मान्य. पण कडा पैशानं सुधारतात, आणि पैसा नव्हता. जे डोक्यानं मिळवता येतं ते या लोकांनी मिळवलं. शुक्रवारी मागांना सुट्टी असणाऱ्या गावात हे भौतिकशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. करून बघत, पडत-झडत ते सापडलं.

2012 मध्ये माहितीपट आपल्याकडे थिएटरात लागला तेव्हा शफीक हयात नव्हता. कर्करोगानं तो आधीच गेला होता. त्याच्या त्या काही सेकंदांच्या उड्डाणाला मार्क द्यायचे तर मी कडांचे कापीन, वाऱ्याचे पैकीच्या पैकी देईन.

शंका असेल तर घरी करून बघा. हिरवी चादर, मोबाईल आणि क्रोमा असलेलं कुठलंही फुकट ॲप पुरतं. चादरीपासून पाच-सहा फूट पुढे उभे राहा, नाहीतर तिचा हिरवा उजेड खांद्यांवर पडतो आणि कॉम्प्युटर खांदेही खाऊन टाकतो. एकदा पंखा लावून शूट करा, एकदा गच्चीवरच्या भर वाऱ्यात. दोन्ही व्हिडिओ घरातल्या लहान मुलाला दाखवा आणि विचारा, कोण खरं उडतंय? उत्तर काय आलं ते कमेंटमध्ये नक्की कळवा.