पन्हाळा पाहावा कसा?

इस्लामपूर हे कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात वसलेले गाव. दक्षिणेस वारणा ओलांडली, की कोल्हापूर जिल्हा लागतो आणि कोडोली मागे पडल्यावर थोड्याच वेळात पन्हाळ्याचा डोंगर समोर उभा राहतो. आपल्या भागातील शाळांच्या सहली फार वर्षांपासून या गडावर जात आल्या आहेत. गाडी थेट माथ्यावर जाते. चढण्याचे कष्ट नाहीत. कष्ट नाहीत म्हणून की काय, कित्येक मुले गडावर सबंध दिवस घालवितात आणि घरी परतल्यावर त्यांना भाजलेले कणीस व गार वारा एवढेच आठवते. कणसाला माझी हरकत नाही. परंतु तेवढ्यासाठी पन्हाळ्यापर्यंत जाण्याचे कारण नव्हते.

पन्हाळा हा ओसाड गड नव्हे. तेथे नगरपरिषद आहे, घरे आहेत, दुकाने आहेत. नव्या वस्तीत जुन्या वास्तू मिसळून गेल्या आहेत. म्हणून जाणत्या माणसाची सोबत येथे विशेष उपयोगी पडते. उत्तर आफ्रिकेतील मोरोक्को देशात फेज नावाचे एक पुरातन शहर आहे. त्याच्या जुन्या भागातील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की त्यांत मोटार शिरत नाही; मालाची ने-आण गाढवांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून होते. तेथे नवख्या प्रवाशाला वाटाड्या लागतो, तो वाट सापडावी म्हणून. पन्हाळ्यावर वाट चुकण्याचे भय फारसे नाही. येथे वाटाड्या हवा, तो समोरच्या दगडांचा अर्थ कळावा म्हणून.

अंबरखान्याचेच पाहा. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी या धान्यकोठारांची नावे आहेत. त्यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी. उंची सुमारे 35 फूट. आत शिरलेला मुलगा प्रथम काय करतो? मोठ्याने ओरडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. ते झाल्यावर त्याने मान वर करावी. छतात भोके दिसतील. बाहेरून जिना चढून माणसे छपरावर जात आणि त्या भोकांतून धान्य आत ओतीत. कोठीच्या जाड भिंतींमुळे ऊन आणि पन्हाळ्याचा धुवाधार पाऊस या दोहोंपासून धान्याचे रक्षण होई. एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावत असे, असे सांगतात.

धान्याप्रमाणेच पाण्याची कथा. अंधारबाव वरून पाहिली तर एखादी साधी दगडी इमारत वाटते. प्रत्यक्षात ती तीन मजली आहे आणि तिच्या पोटात खाली विहीर आहे. जिने वळणावळणाचे असून भिंतींत पहारेकऱ्यांसाठी कोनाडे ठेवलेले आहेत. विहिरीवर एवढा खटाटोप कशासाठी? वेढा घालणारा शत्रू गडाचे पाणी तोडण्याचा किंवा ते विषारी करण्याचा प्रयत्न करी. पाणी गेले, की कितीही शूर शिबंदी असली तरी गड गेला. म्हणून पाण्याभोवतीच एक लहानसा किल्ला उभारला गेला.

या दोन वास्तू नीट पाहिल्या म्हणजे 1660 च्या वेढ्याची गोष्ट वेगळी वाटू लागते. त्या वर्षी मार्च महिन्यात विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळा वेढला, आणि शिवाजी महाराज आत होते. चार महिने वेढा ढिला पडेना. पावसाळा आला तरी सिद्दी हलला नाही. राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली होती. तिकडे मोगलांचा शायिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता. गडावर धान्य असेल, पाणी असेल. पण स्वराज्याच्या धन्याने एका गडात अडकून राहणे परवडणारे नव्हते. अखेर आषाढातील एका पावसाळी रात्री महाराज निवडक मावळ्यांसह राजदिंडीच्या वाटेने बाहेर पडले. शत्रूला चकविण्यासाठी दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसले आणि त्यांनी प्राण दिले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी पाठलाग रोखून धरला आणि तेही धारातीर्थी पडले. त्या खिंडीला आपण पावनखिंड म्हणतो.

आता वाटाड्याच्या बोलण्याविषयी. तो दोन प्रकारच्या गोष्टी सांगतो आणि दोन्ही एकाच सुरात सांगतो. पराशर ऋषींनी येथील गुहेत तप केले, ही परंपरेने चालत आलेली कथा. शिलाहार राजा दुसरा भोज याचे वास्तव्य 1191 च्या सुमारास पन्हाळ्यावर होते, ही ताम्रपटावरून कळलेली हकीकत. कथेला कथेचा मान द्यावा, ती आवडीने ऐकावी. परंतु वहीत टिपताना दोहोंची गल्लत करू नये. यावर उपाय सोपा आहे. नम्रपणे विचारावे, "काका, हे कशावरून कळले?" जाणता वाटाड्या या प्रश्नाने रागावत नाही, उलट त्याला उत्साह येतो आणि तो तुम्हांला शिलालेखापाशी घेऊन जातो. पुष्कळांचे पोट या कामावर चालते, म्हणून ठरलेला मोबदला देताना घासाघीस करू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

असा एक फारसी शिलालेख तीन दरवाजावर आहे. आदिलशाहीच्या काळातील हे भक्कम बांधकाम. कोंडाजी फर्जंद यांनी 1673 च्या मार्चमध्ये अवघ्या साठ मावळ्यांनिशी रात्री गड चढून पन्हाळा पुन्हा स्वराज्यात आणला. गडाच्या दुसऱ्या बाजूचा चार दरवाजा मात्र आज उभा नाही. 1844 मध्ये गडकऱ्यांनी बंड केले तेव्हा इंग्रजांनी तो उद्ध्वस्त केला. जुन्या भिंतींवर नावे कोरणारे महाभाग निराळे. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे. 1958 च्या कायद्याप्रमाणे अशा कृत्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी, असे हे बारा.

मराठीच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कवी मोरोपंतांचा जन्म 1729 मध्ये याच गडावर झाला. पुढे ते बारामतीस राहिले. पण त्यांच्या नावाचे ग्रंथालय पन्हाळ्यावर आहे.

बहुतेक सहली तीन दरवाजा आणि सज्जाकोठी पाहून गाडीकडे वळतात. राजदिंडी राहून जाते. तेथे मोठी कमान नाही, छायाचित्र काढण्याजोगे फारसे काही नाही. खाली उतरणारी एक अरुंद वाट तेवढी दिसते. दर पावसाळ्यात शेकडो तरुण पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायी जातात आणि त्यांना बहुधा दोन दिवस लागतात. महाराज त्या रात्री निघाले आणि दुसऱ्या दिवशी खिंडीच्याही पुढे विशाळगडावर पोहोचले.