जपानी काष्ठमुद्रणाचे स्थित्यंतर : ‘निशिकि-ए’पासून ‘हांगा’पर्यंत

जपानमधील काष्ठमुद्रित चित्रांची परंपरा पाश्चात्त्य यंत्रांच्या आगमनाने लोप पावली व पुढे विसाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन झाले, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान सर्वस्वी असत्य नव्हे. परंतु ते अपुरे आहे. जे लोपले आणि जे पुन्हा उदयास आले, त्या दोन्ही गोष्टी एकच होत्या काय, हा खरा प्रश्न होय. त्याचा निर्णय करताना चित्रांच्या साक्षीइतकीच त्या चित्रांना वेळोवेळी मिळालेल्या नावांची साक्ष महत्त्वाची ठरते.

इ. स. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या चित्रांबरोबर एदो नगरात बहुरंगी छपाई रूढ झाली. या चित्रांना ‘निशिकि-ए’, म्हणजे किनखापी चित्रे, असे नाव पडले. त्यांची निर्मिती चौघांच्या सहकार्याने होत असे. ‘एशी’ म्हणजे चित्रकार पातळ कागदावर रेखाचित्र काढी. ‘होरिशी’ म्हणजे ठसा कोरणारा ते चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून रेषांवरून कोरी, आणि या क्रियेत मूळ रेखाचित्र नष्ट होई. ‘सुरिशी’ म्हणजे छापणारा प्रत्येक रंगाच्या स्वतंत्र ठशावर तोच कागद क्रमाने ठेवून, बांबूच्या पापुद्र्याने मढविलेल्या ‘बारेन’ नावाच्या चकतीने तो पाठीमागून घाशी. रंग आपापल्या जागी नेमके बसावेत म्हणून प्रत्येक ठशाच्या कडेला ‘केंतो’ नावाच्या खुणा कोरलेल्या असत. या सर्वांना काम देणारा, भांडवल घालणारा आणि विषय ठरविणारा तो ‘हानमोतो’, म्हणजे प्रकाशक. चित्रावर चित्रकाराची सही व प्रकाशकाची मुद्रा असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरणाऱ्याचीही मुद्रा पुष्कळदा आढळते. छापणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच दिसते. तात्पर्य, ‘चित्राचा कर्ता कोण?’ या प्रश्नाला एका व्यक्तीचे नाव हे या व्यवस्थेतील पुरेसे उत्तर नव्हते.

पाश्चात्त्य संपर्काने ही व्यवस्था आरंभी मोडली नाही. उलट तिने नव्या गोष्टी आत्मसात केल्या. १८३० च्या सुमारास आयात झालेला प्रशियन निळा रंग होकुसाइच्या फुजी पर्वताच्या चित्रमालिकेत मुबलक वापरला गेला. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परकीय व्यापारास खुले झाल्यावर तेथील परदेशी लोक व त्यांची जहाजे चित्रांचे विषय झाली. १८६८ च्या मेइजी राज्यक्रांतीनंतर आगगाडी, विटांच्या इमारती आणि नवे पोशाख यांची चित्रे निघू लागली. त्यांत परदेशी कृत्रिम रंगांतील भडक लाल रंग ठळकपणे दिसतो. १८७४ पासून वृत्तपत्रांतील बातम्यांवर आधारलेली रंगीत चित्रेही विकली जात होती. कोबायाशी कियोचिका याने १८७६ ते १८८१ या काळात टोकियोची संध्याकाळ, दिव्यांचा उजेड व आगीचे लोळ यांचे चित्रण पाश्चात्त्य छायाप्रकाशाच्या रीतीने केले. विषय, रंग व दृष्टी ही तिन्ही बदलली. परंतु चौघांची व्यवस्था तीच राहिली.

आघात झाला तो अन्य बाजूने. कोरणाऱ्यांचा चरितार्थ केवळ चित्रांवर अवलंबून नव्हता. ग्रंथांचा मजकूरही फळ्यांवरच कोरला जात असे. १८८० नंतरच्या दशकात खिळ्यांच्या छपाईने ग्रंथमुद्रणाचे क्षेत्र व्यापले आणि ज्या कामावर नवे शिकाऊ हात तयार होत असत, ते कामच आटले. १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धात युद्धचित्रांना मोठी मागणी आली. परंतु १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाच्या वेळी छायाचित्रे व शिळाछाप चित्रे यांनी ती जागा बऱ्याच अंशी घेतली होती. कादंबऱ्या व मासिके यांच्या आरंभी घालावयाच्या ‘कुचि-ए’ या मुखचित्रांनी कुशल कारागिरांना आणखी काही काळ आधार दिला, एवढेच.

नेमक्या याच वेळी, १९०४ मध्ये, ‘म्योजो’ या वाङ्मयीन मासिकात यामामोतो कानाए याचे एका कोळ्याचे चित्र प्रसिद्ध झाले. ते त्याने स्वतःच रेखाटले, कोरले व छापले होते. यामामोतो हा जुन्या परंपरेत वाढलेला नव्हता; पाश्चात्त्य पद्धतीच्या व्यावसायिक काष्ठ-उत्कीर्णनाचे शिक्षण घेऊन तो पुढे कलाशाळेत पाश्चात्त्य चित्रकला शिकत होता. म्हणजे ज्या मुद्रणोद्योगाने जुन्या कारागिराचे काम हिरावले, त्यातूनच नव्या कलावंताची छिन्नी आली. स्वतः रेखाटणे, स्वतः कोरणे आणि स्वतः छापणे — ‘जिगा, जिकोकु, जिझुरी’ — हे या नव्या पंथाचे सूत्र झाले. १९१८ मध्ये त्याची संस्था स्थापन झाली.

या चित्रांसाठी ‘हांगा’ हा शब्द रूढ झाला. ‘हान्’ म्हणजे मुद्रणाचा ठसा व ‘गा’ म्हणजे चित्र. ‘उकियो-ए’, ‘निशिकि-ए’ या बाजारातील वस्तूंच्या नावांत ‘ए’ हे पद होते. ‘गा’ हे पद ‘निहोंगा’ (जपानी चित्रकला) व ‘योगा’ (पाश्चात्त्य चित्रकला) या कलाशाळांतील संज्ञांत होते. ‘ललितकला’ या अर्थाचा ‘बिजुत्सु’ हा शब्दच मुळी १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या निमित्ताने भाषांतरासाठी घडविण्यात आला होता. तेव्हा ‘ए’च्या जागी ‘गा’ येणे हा केवळ पर्याय नव्हे. बाजारातून कलादालनात प्रवेश मागणारा तो अर्ज होय. १९२७ मध्ये सरकारी कलाप्रदर्शनात अशा चित्रांना स्थान मिळाले, तेव्हा तो अर्ज मान्य झाला.

जुनी श्रमविभागणी मात्र नष्ट झाली नाही. प्रकाशक वातानाबे शोझाबुरो याने १९१५ पासून चित्रकार, कोरणारे व छापणारे यांना पुन्हा एकत्र आणले आणि इतो शिन्सुइ, कावासे हासुइ यांची चित्रे प्रसिद्ध केली. परंतु त्यालाही ‘शिन-हांगा’, म्हणजे नवी हांगा, हेच नाव घ्यावे लागले. योशिदा हिरोशीचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. १९३०-३१ मध्ये भारतात प्रवास करून त्याने ताजमहाल, अजिंठा, वेरूळ इत्यादी स्थळांची काष्ठमुद्रिते सिद्ध केली. त्याच्या कार्यशाळेत वेतनावर ठेवलेले कुशल कारागीर होते. तरीही त्याच्या चित्रांच्या समासात ‘जिझुरी’, अर्थात ‘स्वतः छापलेले’, अशी मुद्रा आढळते. येथे त्या शब्दाचा अर्थ ‘स्वतःच्या देखरेखीखाली छापलेले’ असा घ्यावा लागतो. हात दुसऱ्याचा, परंतु कर्तृत्व एकाचेच, हा नवा संकेत त्या लहानशा मुद्रेत साठलेला आहे.

१९५६ मध्ये मुनाकाता शिको यास व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रणाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याने ‘हांगा’ या शब्दाचा उच्चार कायम ठेवून ‘ठसा’ या अर्थाच्या चिन्हाऐवजी ‘फळी’ या अर्थाचे समोच्चारी चिन्ह योजिले होते. छापण्याच्या क्रियेपेक्षा लाकडाला महत्त्व देण्याचा हा हेतुपुरस्सर प्रयत्न होता.

एवंच, आधुनिकीकरणाने जपानी काष्ठमुद्रण नष्ट केले असे म्हणण्यापेक्षा त्याने त्याचा कर्ता बदलला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. चौघांच्या व्यवसायाचे एकाच्या कलेत रूपांतर झाले. त्यामुळे काष्ठमुद्रणास प्रतिष्ठा लाभली, परंतु कोरणारा व छापणारा यांचे कौशल्य ‘साहाय्य’ या सदरात जमा झाले. आजही संग्रहालयांतील जुन्या चित्रांखाली बहुधा चित्रकाराचेच नाव वाचावयास मिळते. जे चौघांनी घडविले त्याकडे ‘हांगा’च्या दृष्टीने मागे वळून पाहिल्याचाच हा परिणाम होय, आणि जुन्या चित्रांच्या अभ्यासकाने ती दृष्टी बाजूस ठेवल्यावाचून त्यांच्या खऱ्या कर्त्यांची गणना पुरी होणार नाही.