पुढचा शाफ्ट काढलेली गाडी चालवताना

पावसाच्या तोंडाला पारोळकडच्या एका शेतकऱ्याची जीप बांधावरून घसरून खाचरात गेली. दैव बलवत्तर म्हणून कुणाला खरचटलंही नाही. वांग्यांच्या पाट्या मात्र चिखलात गेल्या. गाडी पुतण्या चालवत होता. उतार निसरडा दिसला म्हणून त्याने नेहमीप्रमाणे फोर व्हीलची दांडी टाकली आणि निर्धास्त झाला. पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून गोठ्यात ठेवलाय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

आपल्या पूर्व पट्ट्यात हे नवीन नाही. शाफ्टचा क्रॉस झिजतो, गाडी खडखडते, मिस्त्री म्हणतो, "काढून टाका, मागच्या चाकांवर चालेल." ते खोटे नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली. त्या घराण्याची जीप डांबरी रस्त्यावर मागच्याच चाकांवर चालते. पुढची चाके गरजेपुरती जोडायची असतात. त्यामुळे नुसता शाफ्ट काढला तर चार दिवस काम भागते. मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

काय काढले ते पाहा

दोन्ही टोकांचे बोल्ट सोडून शाफ्ट उतरवला तर सहसा अडचण येत नाही. पण ज्या गाडीत शाफ्टचे टोक थेट गिअरपेटीत शिरलेले असते, तिथे ते ओढले की ऑईल वाहू लागते. तोंड बंद केल्याशिवाय गाडी हलवू नये. नव्या गाड्यांत बरेचदा पुढच्या चाकाचे बेअरिंग एक्सलच्या नटानेच आवळलेले असते. तिथे एक्सल काढून गाडी चालवली तर चाक निखळण्याचा धोका आहे. ज्या गाडीची चारही चाके कायम जोडलेली असतात, ती मधले डिफरेन्शियल लॉक केल्याशिवाय जागची हलणारही नाही.

शाफ्ट काढला म्हणजे डिझेल खूप वाचते, हाही समज सोडावा. लॉकिंग हब नसतील तर चाकांबरोबर पुढचे एक्सल आणि क्राउन-पिनियन फिरतच राहतात. म्हणून पुढच्या हाउसिंगमधले ऑईल तपासत राहावे.

काय गमावले ते ओळखा

जुन्या जीपमध्ये लो गिअर फोर व्हीलबरोबरच पडतो. पुढचा शाफ्ट नसताना लो टाकला की सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर येतो. भरल्या गाडीने चिखलात असे केले तर एक्सल तुटू शकतो. उतारावर ब्रेक चारही चाकांना लागतात, पण इंजिनाचा रोध मागच्याच चाकांना मिळतो. त्यामुळे माल कमी भरा आणि उतार लागण्याआधीच वेग आवरा. शाफ्ट मागचा काढला असेल तर आणखी सावध राहा. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक त्याच शाफ्टवर असतो; तो काढल्यावर हँडब्रेक ओढूनही गाडी थांबत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी जास्त जपावे

फोर व्हील ट्रॅक्टरना बहुधा ब्रेक मागच्याच चाकांना असतात. फोर व्हील जोडलेले असले की तो रोध शाफ्टमधून पुढच्या चाकांनाही पोचतो. शाफ्ट काढला की हा आधार गेला. मग भरलेली ट्रॉली घेऊन उतरणीला जाऊ नये. डांबरी रस्त्यावर टायर झिजतात म्हणून कुणी शाफ्ट काढत असेल, तर त्याची गरजच नाही. रस्त्याला लागताच दांडी टू व्हीलला घ्या, झालं!

काढताना आणि बसवताना

शाफ्टच्या दोन्ही भागांवर रंगाने एका रेषेत खूण करावी; चुकीचा जोडला तर गाडी थरथरते. क्रॉसच्या टोप्या टेपने बांधाव्यात, नाहीतर आतल्या सुया सांडतात. बोल्ट शाफ्टलाच बांधून ठेवावेत.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे एक पुठ्ठा. त्यावर "पुढचा शाफ्ट काढला आहे, फोर व्हील नाही" असे मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगला बांधा. आपल्याकडे एकच गाडी मुलगा, पुतण्या, गडी असे तिघे-चौघे चालवतात. त्या पुतण्याच्या हाती तेवढा पुठ्ठा पडला असता, तर तो बांधावर गेलाच नसता.

मृग लागला की खाचरात चिखलणीची घाई होते. त्याआधी, रोहिणीतच, नवा क्रॉस टाकून शाफ्ट जागेवर बसवून घ्यावा. गोठ्यातला शाफ्ट चिखलात उपयोगी पडत नाही!