विरजण शेजारच्या घरी

वैशाखातली दुपार. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर विष्णुपुरीला सावली शोधावी लागते. जवळच गोदावरीचे अडवलेले पाणी आहे, काठावर काळेश्वराचे मंदिर आहे, पण तिकडचा गार वारा रस्त्यापर्यंत काही पोचत नाही. १९८१ साली इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९९४ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यांच्या आधाराने झेरॉक्सची दुकाने, खानावळी, भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. अशाच एका खोलीत माझ्या ओळखीच्या एका तरुणाने आपला छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ मांडला आहे. भिंतींना फोम, खिडकीला जुनी गादी, एक माइक, एक संगणक. भजनी मंडळे येतात, भीमगीते गाणारे येतात, निवडणूक आली की प्रचाराची गाणीही येतात.

त्या दुपारी मात्र गिऱ्हाईक नव्हते. त्याच्या दोन आत्या गावाहून आल्या होत्या. आजीचे वर्षश्राद्ध चार दिवसांवर आले होते. आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, नातवाने त्या रेकॉर्ड केल्या होत्या, खाली हलकी टाळ-चिपळी घातली होती. लेकींना त्या दिवशी घरात आईचा आवाज हवा होता.

त्याने सेशन उघडले. पडद्यावर सगळे जागच्या जागी होते. ट्रॅकला नावे होती, रंग होते, कुठे कापले, कुठे जोडले त्याच्या खुणा होत्या. आवाजाची लाट तेवढी नव्हती. सोळा ओव्यांच्या जागी रिकाम्या चौकटी आणि वर एक सूचना: फाइली सापडत नाहीत.

"काका, मी तर चार कॉप्या काढल्या होत्या की!" तो म्हणाला. खरेच होत्या. 'आजी', 'आजी फायनल', 'आजी फायनल नवीन' आणि 'आजी खरं फायनल'. चारही उघडून पाहिल्या. चारही मुक्या.

हे कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे. कारण आज गावोगावी मुले लॅपटॉपवर गाणी करतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची समजूत या मुलासारखीच असते. आपण 'सेव्ह' केले म्हणजे गाणे जपले गेले, 'सेव्ह ॲज' करून दुसरे नाव दिले म्हणजे दुसरी प्रत झाली. प्रत्यक्षात तसे नसते. प्रो टूल्स असो, क्यूबेस असो वा रीपर, या सॉफ्टवेअरमध्ये सेशनची फाइल आणि आवाजाची फाइल साधारणपणे वेगवेगळ्या राहतात. सेशनमध्ये आवाज नसतो, आवाजाचा पत्ता असतो. अमुक फाइल तमुक जागी आहे, तिचा तिसऱ्या सेकंदापासूनचा तुकडा घ्या, एवढा मोठा करा, उजवीकडून ऐकवा, अशी ती यादी असते. रीपरची फाइल तर साध्या मजकुराचीच असते. कोणीही उघडून वाचावी.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर सेशन म्हणजे सातबारा आणि आवाज म्हणजे जमीन. सातबाऱ्याच्या दहा नकला काढल्या म्हणून जमीन दहापट होत नाही. आणि जमीन धरणात गेल्यावर जुना सातबारा कितीही जपून ठेवला, तरी त्यात पेरता येत नाही.

आमच्या या तरुणाने नेमके हेच केले होते. आजीचा आवाज रेकॉर्ड झाला बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क सदैव संगणकाला जोडलेली. त्याने सेशन चार वेळा वेगवेगळ्या नावांनी संगणकात सेव्ह केले. प्रत्येक वेळी उघडले, प्रत्येक वेळी वाजले. का वाजणार नाही? चारही याद्या त्याच डिस्ककडे बोट दाखवत होत्या. पुढे लग्नसराईत व्हिडिओसाठी जागा हवी झाली. गाणे तर संगणकात आहेच, या भरवशावर त्याने डिस्क मोकळी केली. आजीच्या आवाजावर कोणाची तरी हळद आणि वरात चढली. पुसलेले परत आणणारी सॉफ्टवेअरही मग निरुपयोगी ठरली.

यावर उपाय नव्हता असे नाही. प्रो टूल्समध्ये 'सेव्ह कॉपी इन' नावाची आज्ञा आहे. तिच्यात आवाजाच्या फाइलीही बरोबर घेण्याच्या पर्यायावर खूण केली, की यादीसोबत जमीनही दुसरीकडे जाते. रीपरमध्ये 'सेव्ह ॲज'च्या चौकटीतच सगळा माल नव्या फोल्डरमध्ये आणण्याचा पर्याय असतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कित्येक वर्षे प्रकल्पाची फाइल वेगळी आणि आवाजाचे फोल्डर वेगळे असे. लोक छोटी फाइल पेनड्राइव्हवर नेत आणि मोठे फोल्डर मागे राही. २०२१ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून दोन्ही एकाच फाइलीत आली. दर काही मिनिटांनी आपोआप होणारी सेव्हही पुष्कळदा सेशनचीच असते. वीज गेली तर ती वाचवते, डिस्क गेली तर नाही.

मग सगळेच जण पूर्ण प्रत का काढत नाहीत? जागेचा लोभ. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट खातो. आठ ट्रॅकचे चार मिनिटांचे गाणे म्हणजे पावणेतीनशे मेगाबाइट. यादी मात्र चिमूटभर. चिमूटभर वस्तूच्या प्रती काढणे सोपे, म्हणून आपण त्याच काढत राहतो.

खरे तर 'प्रत' या शब्दाची किंमत गोदाकाठाला शिकवायला नको. म्हाइंभटांनी मेहनतीने जुळवलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली आणि महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. म्हणूनच तिचे अनेक पाठ झाले. नकला होता होता ज्ञानेश्वरीत शिरलेले दोष काढून एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला, तो याच नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला. हाताने केलेली नकल थोडी थोडी बिघडत जाई. कॅसेटवरून कॅसेट भरली की खरखर वाढे. संगणकातली प्रत तशी बिघडत नाही, शंभरावी नकलही पहिलीसारखीच निघते. पण जाते तेव्हा अशी जाते, की खरखरही मागे उरत नाही.

ओव्यांच्याच बाबतीत एक दिलासा देणारे उदाहरण आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि संगणकावर त्यांची सूची बांधली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांचे आवाज त्यात आहेत, परभणीच्या ताडकळसचे आहेत. तो ठेवा गुडगावच्या संगीत-संग्रहालयात राहिला, पुढे फ्रान्समध्ये सांभाळला गेला आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहातून लोकांपुढे येऊ लागला. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली गेल्या. आवाज मागे राहिले, कारण ते एकाच कपाटात नव्हते आणि त्यांच्यासोबत कोण, कुठली, केव्हा म्हणाली याची नोंदही होती.

आपल्या छोट्या स्टुडिओला यातून घेण्यासारखे एवढेच. एका गाण्याचे एकच फोल्डर, नावात 'फायनल'ऐवजी तारीख. काम संपले की आवाजासकट पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर. मग मूळ डिस्क काढून ठेवून ती प्रत उघडून पाहायची. वाजली तरच तिला प्रत म्हणायचे. शिवाय प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत साध्या वेव्ह फाइलीत काढून ठेवायचा, कारण आजचे सॉफ्टवेअर वीस वर्षांनी असेलच असे नाही. आणि एक डिस्क दुसऱ्याच्या घरी. आपल्याकडे दही नासले की बाई वाटी घेऊन शेजारी जाते. आदल्या दिवशी तिनेच तिथे विरजण दिलेले असते.

त्या दुपारी थोरल्या आत्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. गेल्या वर्षी भाच्याने "ऐका, कसं वाटतंय" म्हणून त्यांना एक कच्चा तुकडा पाठवला होता. दोन मिनिटे दहा सेकंद. टाळ जरा मोठा, मागे कोंबडा आरवलेला आणि सोळांपैकी तीनच ओव्या. धाकट्या आत्या भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव."

त्याने परत लावला. नंतर तो तुकडा संगणकात घेतला, डिस्कवर घेतला, दोन्हीकडून वाजवून पाहिला. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आला.

"काका, तुमच्या घरीपण एक ठेवू का?"