फिश टँकला विरजण लावूया!

दोस्ता, गप्पी मासा तू नक्की पाहिला असशील! तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण आता सातारा-सांगलीकडे गावोगावच्या टाक्यांत सापडतो. आरोग्य खात्याची माणसंच त्याला तिथे सोडतात. का, ओळख बघू! तो डासांच्या अळ्या गट्टम करतो!

समज, असे चार गप्पी तुझ्या नव्या फिश टँकमध्ये आले. पहिल्या दिवशी पाणी कसं नितळ! आणि तिसऱ्या दिवशी? सगळं पाणी धूसर! मासे धड दिसेनात!

आता पाणी ओतून, खडी घासून, सगळं नळाखाली धुवावंसं वाटेल. थांब, थांब! आधी आपण शोध लावू.

टँकमधलं ग्लासभर पाणी घे. ग्लासमागे पांढरा कागद धर. काय रंग दिसतोय?

तपकिरी आहे? मग ग्लास रात्रभर तसाच ठेव. सकाळी तळाशी गाळ बसलेला दिसला, तर ती खडीची माती. खडी नीट धुतली गेली नव्हती, एवढंच!

हिरवट आहे? ते इवलंसं शेवाळ! टँकवर ऊन पडत असणार. टँक खिडकीपासून लांब सरकव.

आणि पांढुरकं आहे, रात्रभर ठेवूनही खाली बसत नाही? मग गंमतच आहे! ते पाणी जिवंत आहे! त्यात जिवाणू आहेत. एकेक जिवाणू साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. एकटा असला तर दिसणारही नाही! पण चमचाभर पाण्यात कोट्यवधी जमले की ते उजेड अडवतात आणि पाणी धूसर दिसतं.

इतके आले कुठून? माशांनी टाकलेलं खाणं कुजतं आणि त्यावर हे ताव मारतात. पोटभर मिळालं तर काही जिवाणू २० मिनिटांत एकाचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ... १० तासांत किती? १०७ कोटी! विश्वास बसत नाही? वही घे आणि ३० वेळा दुप्पट करून बघ!

खाणं संपलं की हे आपोआप कमी होतात आणि धूसरपणा काही दिवसांत ओसरतो. म्हणजे काम झालं? नाही! खरा शत्रू तर दिसतच नाही.

त्याचं नाव अमोनिया. गोठ्यात शिरल्यावर नाकात झिणझिण्या आणणारा वास असतो ना, तोच! मासे तो सतत पाण्यात सोडतात. आणि कुठून, माहीत आहे? बराचसा कल्ल्यांमधून! पाणी नितळ दिसलं तरी त्यात अमोनिया साठला असेल, तर मासे आजारी पडतात.

मग त्यांना वाचवतं कोण? दुसरे जिवाणू! एक टोळी अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करते. तेही विषारीच! मग दुसरी टोळी त्याचं नायट्रेट करते. ते बरंच सौम्य असतं, आणि पाणवनस्पतींना तर ते खतच! सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जिवाणूंचं गुपित उलगडलं. आणि त्याला ते सापडले कुठे? मातीत! कृष्णाकाठच्या उसाला युरिया घातला की मातीत यांचेच नातेवाईक कामाला लागतात. उसाच्या मळ्यात आणि तुझ्या टँकमध्ये एकच कारखाना!

पण ही मंडळी फार सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायला त्यांना साधारण एक दिवस लागतो. नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे जातात.

लवकर जम बसवायचा आहे? आईला किंवा आजीला विचार, दही कसं लावतात! कोमट दुधात चमचाभर जुनं दही घालतात, बरोबर? ते विरजण! त्यातले जिवाणू दुधात वाढतात. टँकचंही अगदी तसंच! मित्राच्या जुन्या, निरोगी टँकमधला फिल्टरचा स्पंज किंवा मूठभर खडी आण. झालं विरजण! थंडीत दही उशिरा लागतं ना? टँकही थंडीत उशीर लावतो. आणि कढत दुधात विरजण घातलं तर? दही लागतच नाही, जिवाणू मरतात!

टँकमधलं विरजण कशाने मरतं, सांग बघू? नळाच्या पाण्याने! सांगलीला कृष्णेचं पाणी येतं, सातारा शहराच्या काही भागाला कासच्या तलावाचं. आपल्याला रोगजंतूंचा त्रास होऊ नये म्हणून पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालतात. गावात टीसीएल पावडर टाकतात, तीही त्यासाठीच. पण क्लोरीनला आपले कामकरी जिवाणू ओळखू येत नाहीत! शिवाय ते राहतात स्पंजवर आणि खडीवर. म्हणून स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा.

एक गोष्ट मात्र करू नकोस. पावसाळ्यात कृष्णेचं तांबूस पाणी निवळायला जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी वापरतात. तुरटीमुळे मातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. पण टँकमध्ये तुरटी टाकलीस तर पाणी आंबट होतं, माशांना ते सोसत नाही!

मग पांढुरक्या टँकचं काय करायचं? मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं दे. हवेचा पंप चालू ठेव, कारण जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर चौथा हिस्सा पाणी बदल. नवं पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवलेलं हवं, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

आणि सगळ्यात मोठं काम? थोडा धीर धरायचा! हे लाखो चिमुकले कामकरी त्यांचं काम बरोबर जाणतात. तू फक्त त्यांना नळाखाली धरू नकोस!